थाई येण्याआधीचं थायलंड

अंगकोर वाटच्या दक्षिणेकडच्या ओवरीत, पश्चिमेच्या अर्ध्या भिंतीवर, राजा दुसरा सूर्यवर्मा याच्या लष्कराची मिरवणूक कोरलेली आहे. बाराव्या शतकातलं काम. सेनापती हत्तींवर, त्यांच्या डोक्यावर छत्र्यांची दाटी, खाली पायदळ. मिरवणुकीच्या पुढच्या भागात दोन तुकड्या एकमेकींना लागून चालतात आणि दोघींशेजारी छोटे लेख आहेत. एक तुकडी 'लवो'ची. तिचे सैनिक पाऊल मोजून, ओळ धरून निघालेले. दुसरी 'स्याम'ची. त्यांच्या केसांचे थर, गळ्यात माळा, कमरेला नक्षीदार झालरी, आणि ओळीचा पत्ता नाही. कोणी मागे बघतोय, कोणी बाजूला. कोरणाऱ्या ख्मेर शिल्पकाराला ही मंडळी रानटी वाटत असावीत, आणि तसं दाखवताना त्याने भीड ठेवलेली नाही.

हे स्याम म्हणजे थाई लोकांचे पूर्वज, असं बहुतेक अभ्यासक मानत आले. काहींना ते पटत नाही. पण शेजारच्या लवोबद्दल वाद नाही. लवो म्हणजे आजचं लोपबुरी, बँकॉकच्या उत्तरेला दीडशे किलोमीटरवरचं. म्हणजे आज ज्याला आपण थायलंडचं काळीज म्हणू, तिथली माणसं त्या भिंतीवर थाई नाहीत. ती होती मोन. ख्मेरांच्या सत्तेखाली गेलेली, पण त्याआधी पाच-सहाशे वर्षं स्वतःची शहरं चालवलेली.

थायलंडचा इतिहास साधारणपणे 1238 पासून, सुखोथायच्या राज्यापासून सांगितला जातो. त्याआधीचं सगळं प्रस्तावनेत उरकतात. मला ही वाटणी नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे, कारण पुस्तकाचा जाड भाग प्रस्तावनेतच आहे.

सुरुवात राजांपासून नको, मडक्यांपासून करू. 1966 साली ईशान्य थायलंडच्या उदोन थानी प्रांतात बान चियांग नावाच्या गावात एक अमेरिकन विद्यार्थी सावरीच्या मुळाला अडखळून पडला. उठताना त्याला दिसलं, की वाटेतल्या मातीतून मडक्यांचे काठ वर आले आहेत. पिवळसर अंगावर लाल रंगाची गरगरीत वळणं, बोटाच्या ठशासारखी. खाली दफनभूमी होती. 1974 आणि 1975 मध्ये थायलंडचं ललित कला खातं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय यांनी मिळून मोठं उत्खनन केलं. मधल्या काळात गावकऱ्यांनी खांबांवरच्या आपल्या घरांखालीच खणायला घेतलं होतं, कारण एकेका मडक्याला परदेशी गिऱ्हाईक भाताच्या पिकापेक्षा जास्त पैसे मोजत होतं. खोदकामावर बंदी आली 1972 मध्ये, पण तोवर बराच माल देशाबाहेर गेला होता.

पहिल्या तारखा आल्या तेव्हा जगातलं सगळ्यात जुनं कांस्य इथेच, अशी हवा झाली. ती टिकली नाही. आता वाद आहे तो इसवी सनापूर्वी 2000 की 1000 एवढाच, आणि त्यातही धाकटी तारीख मांडणाऱ्यांचं पारडं जड आहे. पण मला त्या स्पर्धेपेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. बान चियांगच्या थडग्यांत कांस्याच्या बांगड्या आहेत, कुऱ्हाडी आहेत. राजा म्हणावा असा कोणी सापडत नाही. धातू आला म्हणजे लगेच तलवार आली आणि सिंहासन आलं, हा शाळेत शिकलेला क्रम इथे चालत नाही.

श्रीमंत माणूस भेटतो तो आणखी पुढे, लोहयुगात, मून नदीच्या खोऱ्यात. नोएन उ-लोक या ठिकाणी एका पुरुषाच्या अंगावर कांस्याच्या दीडशेच्या आसपास बांगड्या, बोटांत अंगठ्यांचे ढीग आणि कमरेला तीन कांस्य पट्टे आहेत. तिथल्या काही थडग्यांत प्रेत जळक्या भाताने झाकलेलं. या वस्त्यांभोवती पाण्याचे रुंद खंदक होते आणि एकामागे एक असे अनेक. म्हणजे खंदक खणायला लावणारी सत्ता, मिठाचा आणि लोखंडाचा व्यापार, भाताची कोठारं हे सगळं भारतातला पहिला देव तिथे पोचण्याआधीचं आहे. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण आपल्याकडे या विषयावरचं बरंचसं लेखन 'आपण संस्कृती नेली' या एका सुरावर चालतं.

नेलं नाही असं नाही. कांचनाबुरी प्रांतातल्या बान दोन ता फेत इथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमाराची थडगी आहेत. त्यांत पांढऱ्या रेघा कोरलेले अकीकाचे मणी आहेत आणि तांबड्या अकीकाचा एक इवलासा सिंह आहे. त्या भागात सिंह नव्हता. दक्षिणेकडे क्राबी प्रांतात क्लोंग थोमला एक लहानसा काळा दगड सापडला. सोन्याचा कस पाहायचा दगड, म्हणजे अस्सल कसोटी. आणि त्यावर तमिळ-ब्राह्मी अक्षरांत मालकाचं नाव: पेरुम्पदन. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकातला एक तमिळ सोनार समुद्र ओलांडून गेला, हत्यारं घेऊन गेला, आणि दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून दगडावर नाव घालून बसला. या सोनाराने मला कुठल्याही शिलालेखातल्या महाराजाधिराजापेक्षा जास्त सांगितलं. भारत तिथे पोचला तो सैन्य घेऊन नव्हे, धंदा घेऊन. आणि तिथल्या सरदारांनी त्या मालातून आपल्याला हवं ते निवडून घेतलं. लिपी घेतली, बुद्ध घेतला, विष्णू घेतला. जातिव्यवस्था मात्र आपल्यासारखी रुजवून घेतली नाही.

ही निवड सगळ्यात देखणी दिसते ती द्वारावतीत. सहाव्या ते अकराव्या शतकापर्यंत चाओ फ्राया नदीच्या सपाट खोऱ्यात मोन भाषा बोलणाऱ्यांची शहरं होती: नाखोन पाथोम, ऊ थोंग, खू बुआ, लवो. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्सांगने या राज्याचं नाव ऐकून लिहून ठेवलं, पण स्वतः तो गेला नव्हता. पुरावा मिळायला 1943 उजाडलं. नाखोन पाथोमला चांदीची दोन नाणी सापडली आणि त्यांवर संस्कृतात 'श्रीद्वारावतीश्वरपुण्य' अशी अक्षरं होती. एका नाण्याच्या दुसऱ्या बाजूला गाय आणि तिला लुचणारं वासरू आहे. 

कृष्णाच्या द्वारकेचं नाव लावणारं हे राज्य मुख्यतः बौद्ध होतं. दगडाची प्रचंड धर्मचक्रं खांबांवर उभी करायची, पायथ्याशी हरीण बसवायचं, आऱ्यांवर पाली वचनं कोरायची, ही द्वारावतीची खास रीत. नाखोन पाथोमचा खंदकाआतला परिसर सुमारे 3700 मीटर लांब आणि 2000 मीटर रुंद होता. त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता, आणि गलबतांची सोय त्यामुळेच. खू बुआच्या स्तूपावर चुनेगच्चीत केलेल्या पाच बायका आहेत, आता बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात. एकीच्या हातात वीणेसारखं तंतुवाद्य, एकीकडे झांजा, एक नुसती गाते. ओठ जाड, गालांची हाडं रुंद, नाकं बसकी. मांडणी गुप्त शैलीच्या वळणाची, पण माणसं अस्सल तिथली.

आणि नाखोन पाथोमच्या वात फ्रा मेन या स्थळाचे बुद्ध. पांढऱ्या स्फटिकी दगडाचे, माणसापेक्षा कितीतरी मोठे, खुर्चीवर बसावं तसे दोन्ही पाय खाली सोडून बसलेले. या बैठकीला प्रलंबपादासन म्हणतात. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात स्तूपावरचा बुद्ध असाच बसला आहे, वेरूळच्या 10 क्रमांकाच्या लेण्यातही, आणि पश्चिम भारतातल्या या उत्तरकालीन लेण्यांशी द्वारावतीचं नातं कलेचे इतिहासकार जोडत आले आहेत. शिल्पकार कोण होते, कोणत्या बंदरातून नमुना गेला, हे दगड सांगत नाही. नमुना गेला एवढं मात्र डोळ्यांना दिसतं.

द्वारावती म्हणजे एकच साम्राज्य होतं की मोन शहरांचा सैल मेळा, यावर मतभेद आहेत. मी मेळ्याच्या बाजूचा. जरा पूर्वेला, फेचाबून प्रांतात, सी थेप नावाचं जोडशहर आहे. 2023 मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथे बौद्ध स्तूप आहेत आणि शेजारीच सूर्य, विष्णू, गोवर्धन उचलणारा कृष्णही. हात तुटलेत, पण कमरेतला पीळ असा, की डोंगराचं ओझं दगड नसतानाही जाणवतं. एकाच सत्तेचा शिक्का सगळीकडे असता, तर असा वेगळेपणा राहिला नसता.

उत्तरेकडे लाम्फूनला मोनांचं दुसरं घर होतं, हरिपुंजय. त्याची पहिली राणी चामदेवी, लवोची राजकन्या; पंधराव्या शतकातल्या पाली बखरीप्रमाणे ती भिक्षू आणि कारागीर घेऊन नदीने वर गेली. लाम्फूनची म्हातारी माणसं एक गोष्ट सांगतात. डोंगरातल्या लुआ लोकांचा नायक विलंखा याने तिला मागणी घातली. ती म्हणाली, दोई सुथेपवरून भाला फेक. तीन फेकींत माझ्या गावात पडला तर विचार करते. पहिला भाला तटाच्या अगदी बाहेर पडला. राणी घाबरली. तिने त्याला आपल्या नेसूच्या वस्त्राची टोपी शिवून भेट पाठवली. त्याने ती आनंदाने घातली आणि पुढचे भाले डोंगराच्या पायथ्याशीही पोचले नाहीत. डोंगरातले मूळ लोक आणि खोऱ्यातले नवे मोन यांच्यातली तेढ या गोष्टीत जशी उतरली आहे, तशी कुठल्याही ताम्रपटात उतरणार नाही.

हरिपुंजय थाईंच्या हाती गेलं तेही लबाडीनेच. राजा मंगरायने आय फा नावाचा माणूस आधी तिथे पेरला. त्याने राजाचा विश्वास मिळवला आणि ऐन उन्हाळ्यात रयतेला कालवा खणायला लावला; शिव्या खाल्ल्या राजाने. तेराव्या शतकाच्या अखेरीस मंगराय चालून आला तेव्हा लढायला कोणाचा जीव धजेना. 1296 मध्ये त्याने चियांग माई वसवलं, पण त्याच्या दरबाराने लिपी उचलली ती मोनांचीच.

मलय द्वीपकल्पातल्या भागाबद्दल थोडक्यात. तो समुद्राकडे तोंड करून होता, श्रीविजय या सागरी सत्तेच्या वर्तुळात. तिथल्या लिगोरच्या शिलालेखावर शके 697 आहे, म्हणजे इसवी सन 775. पंचांग चाळणाऱ्या मराठी माणसाला ही कालगणना परकी नाही. 1025 मध्ये राजेंद्र चोळाच्या आरमाराने ही बंदरं लुटली. पुढे याच भागातल्या ताम्ब्रलिंगचा राजा चंद्रभानू 1247 मध्ये श्रीलंकेवर चालून गेला.

ईसानवर, म्हणजे ईशान्य थायलंडवर, मात्र ख्मेरांचा ठसा इतका खोल आहे, की तिथे फिरताना कंबोडियाची सीमा विसरायला होते. फिमाईचं बौद्ध मंदिर अंगकोर वाटच्या आधी सुरू झालं. विझलेल्या ज्वालामुखीवरच्या फानोम रुंगच्या शिवमंदिरात वर्षातून ठरावीक दिवशी उगवतीची किरणं पंधरा दारांमधून आरपार जातात, आणि लोक त्यासाठी रात्रीच डोंगर चढतात. इथली शेषशायी विष्णूची दारावरची शिळा 1960च्या दशकात चोरीला गेली आणि शिकागोच्या कला संग्रहालयात निघाली. थायलंडमध्ये त्यावरून इतका गदारोळ झाला, की काराबाव या बँडने गाणं रचलं. 1988 मध्ये शिळा परत आली. सातवा जयवर्मा याने राज्यभर 102 आरोग्यशाळा आणि 121 विश्रामगृहं बांधल्याची नोंद शिलालेखांत आहे. त्यांपैकी कितीतरी आज थायलंडच्या हद्दीत आहेत. रुग्णालयं मात्र लाकडाची होती, ती गेली. राहिली त्यांच्या आवारातली दगडी देवळं.

मग थाई कुठून आले? मंगोलांनी 1253 मध्ये नानझाओ हे राज्य बुडवलं आणि लोंढे खाली आले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत बराच काळ होती. ती आता मोडीत निघाली आहे; नानझाओचं राज्य थाईंचं नव्हतंच. दक्षिण चीनच्या खोऱ्यांतून ताई बोलणारे शेतकरी शेकडो वर्षं थोडे थोडे सरकत आले, नदीकाठी भात लावत, कोणाच्या ना कोणाच्या राज्यात राहत, लग्नं करत. जुने लोक कुठे गेले नाहीत. त्यांची भाषा बदलली. मध्य थायलंडची माणसं रक्ताने मोनांच्या जवळची असल्याचं अलीकडचे जनुकीय अभ्यास दाखवतात, आणि 1351 मध्ये उभ्या राहिलेल्या अयुथ्याने आपल्या लांबलचक नावात द्वारावती हा शब्द जपून ठेवला. माझ्या मते थाई संस्कृती ही मोन-ख्मेर संस्कृतीने थाई भाषा स्वीकारून केलेली पुढची वाटचाल आहे, आणि सुखोथायपासून सुरुवात करणारा इतिहास तिची अर्धी वंशावळ झाकतो.

ती जुनी भाषा मेलेलीही नाही. फेचाबून, चैयाफूम आणि कोरातच्या डोंगराळ गावांत न्याह कुर नावाचा छोटासा समाज राहतो. त्यांची बोली द्वारावतीच्या मोन भाषेतून थेट उतरलेली आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे.

मराठी पर्यटक पट्टाया आणि फुकेत करून परत येतो. पुढच्या खेपेला एक दिवस बाजूला काढा. बँकॉकहून पश्चिमेला साधारण 55 किलोमीटरवर नाखोन पाथोम आहे, आगगाडी जाते. तिथल्या 120 मीटर उंच चैत्याचे फोटो सगळेच काढतात. तुम्ही आवारातला तो पाय सोडून बसलेला पांढरा बुद्ध बघा, आणि त्याआधी जमलं तर एकदा अजिंठ्याचं 26 नंबरचं लेणं बघून जा.