समुद्राच्या पोटातील आग

जुन्नर तालुक्यातील आमचे बेल्हे गाव बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथून काही कोसांवर, कुकडी नदीच्या तीरी, बोरी नावाचे गाव आहे. मुलांनो, त्या नदीकाठच्या थरांत पांढुरकी राख सापडते. ही राख कोणत्या चुलीतील असावी बरे? पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असल्याचे आढळले. टोबाच्या कोणत्या उद्रेकाची, याविषयी मात्र विद्वानांत अजून एकमत नाही.

हिंदी महासागराचा तळ ज्या भूपट्टावर आहे, तो सुमात्रा व अंदमान यांच्याखाली हळूहळू सरकत आहे. खोल गेल्यावर त्यातील पाण्याच्या अंशामुळे वरचा तप्त खडक वितळू लागतो आणि तो शिलारस वाट काढीत वर येतो. म्हणूनच सुमात्र्यापासून अंदमानपर्यंत ज्वालामुखींची रांग लागली आहे. त्यांतील बॅरन बेट आपल्या देशात आहे. सुमारे दीड शतक स्वस्थ राहून ते १९९१ साली पुन्हा धगधगले. समुद्रावर त्याची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर. पाण्याखाली मात्र तो पर्वत दोन हजार मीटरांहूनही खोल गेला आहे! त्याच समुद्रात असेही ज्वालामुखी आहेत, की ज्यांचा शेंडासुद्धा पाण्याबाहेर आलेला नाही.

पाथरवट कातळात पाचर ठोकतो, तेव्हा प्रथम बारीक कडकड होते आणि मग चीर वाढत जाते. वर चढणारा शिलारस अशीच पाचर होय. खडक ठिकठिकाणी तडकतो व लहान लहान भूकंपांची मालिका सुरू होते. एरवी एक मोठा धक्का बसतो आणि मागून येणारे धक्के ओसरत जातात. या मालिकेत कोणी पाटील नसतो. पुष्कळ धक्के सारख्याच मानाचे!

दि. २६ डिसेंबर २००४ चा भयंकर भूकंप ज्वालामुखीचा नव्हता. भूपट्ट एकाएकी घसरला, सागरतळ शेकडो कोस उचलला गेला आणि त्सुनामीने निकोबारची गावेच्या गावे धुऊन नेली. लोक सावरलेही नव्हते, तोच बरोबर एक महिन्याने निकोबारच्या पूर्वेस समुद्रतळ थरथरू लागला. काही दिवसांतच ५ हून अधिक तीव्रतेचे शंभरावर धक्के नोंदले गेले. विध्वंसक लाट मात्र उठली नाही. कारण तसे होण्यास सागरतळाचा फार मोठा भाग एकदम हलावा लागतो. तेथे सागरतळ दोन्ही बाजूंस फाकत आहे, आणि त्या फटीत शिलारस शिरल्याने हे धक्के बसले असावेत, असे काही संशोधक मानतात.

पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्या भागात भूकंपमापक यंत्रे थेट समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवली. मार्च २०१४ मध्ये त्या यंत्रांनी अशीच एक मालिका टिपली. वरून नाव हाकणाऱ्या नावाड्याला तिचा पत्ताही लागला नसेल.