बातमी निवडतो कोण?

'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. ती 1920 सालची गोष्ट. 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हाही मोठी म्हणवणारी वृत्तपत्रे कित्येक दिवस गप्पच होती. बातमी संपादकाच्या टेबलावर मारली जाते, हे आपण जाणतो. पण त्याच सप्टेंबरात फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केले, तिकडे आपले लक्ष नव्हते.

आता बातमी मारायला मनुवादी संपादकही लागत नाही! आपण कशावर बोट ठेवले, कुठे किती वेळ थांबलो, याची नोंद यंत्र ठेवते आणि तेच पुन्हा वाढते. आंदर मावळात टाकवे, वडेश्वर, खांडीच्या तरुणाने चार वेळा जयंतीचे व्हिडिओ पाहिले की पाचव्यांदाही जयंतीच. त्याला वाटते, सारा देश जयभीम म्हणतो आहे. शेजारच्या वाडीतील कातकऱ्याच्या जमिनीचे काय झाले, हे मात्र त्याला कळत नाही.

एकांगी माहिती आणि माहितीच न मिळणे, दोन्ही नागरिकाला सारखेच अज्ञानात ठेवतात, असे न्या. पी. बी. सावंत यांनी 1995 च्या क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात बजावले. तो वाद प्रक्षेपणाचा होता. तत्त्व मोबाईललाही लागू पडते.

पुण्याजवळच्या जमिनीवर किती जणांचा डोळा आहे, हे मावळात कोणाला सांगावे? 2013 च्या भूसंपादन कायद्यातील कलम 11 ची प्राथमिक अधिसूचना निघाली की कलम 15 प्रमाणे हरकतीला 60 दिवस मिळतात. अधिसूचना वृत्तपत्रांत येते, सरकारी संकेतस्थळावर येते. ती कोणाच्या 'आवडी'त बसत नाही, म्हणून फीडमध्ये येत नाही. साठ दिवस सरल्यावर माणूस वकिलाकडे धावतो. मोबाईलवर दिसली नाही, ही सबब कायद्यात नाही.

गाळणी फेकून द्या, असे मी म्हणत नाही. शब्द आपण ठरवावेत. गूगल अलर्टमध्ये आपल्या गावाचे नाव, 'भूसंपादन', 'वनहक्क' हे शब्द एकदा टाकून ठेवा. बातमी ईमेलवर येते. तीही सगळी येणार नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा आणि वडगावच्या तहसील कचेरीतला सूचनाफलक आठवड्यातून एकदा कोणीतरी वाचलाच पाहिजे. तरुण मंडळांनी पाळी लावून घ्यावी, आणि वाचलेले कातकरी वाडीवरही जाऊन सांगावे.