घरातील संगीत आणि वॅटांचा हिशेब



व्याख्यानमालेत इतिहास, वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा मान पहिला. त्या पंगतीत 'घरच्या दोन स्पीकरांसाठी परवडणारा रिसीव्हर कसा निवडावा' हा विषय पाहून कोणाला नवल वाटले असेल. परंतु ज्या घरात खर्च हात राखून करावा लागतो, त्या घरात गाण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम वाया जाणे ही लहान गोष्ट नाही. पैसा जातोच, शिवाय वाईट आवाजामुळे काही दिवसांनी ऐकणेच बंद पडते आणि यंत्रावर फुलदाणी येऊन बसते. असे होऊ नये यासाठी लागणारे ज्ञान फारसे कठीण नाही. थोडी बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कोणालाही ते समजेल.

प्रथम शब्द स्पष्ट करू. रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत बसविलेली तीन यंत्रे : रेडिओची लहर पकडणारा भाग, आवाज कमीजास्त करण्याचा व निरनिराळी साधने जोडण्याचा भाग, आणि स्पीकरला चालविण्याइतकी शक्ती देणारा अ‍ॅम्प्लिफायर. यांतील रेडिओ वगळला की उरतो त्याला बाजारात नुसते अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. ज्याला आकाशवाणी ऐकायची नाही, त्याने रेडिओच्या भागासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्न. दुकानात गेल्यावर पहिले वाक्य कानी पडते ते असे : 'हा शंभर वॅटचा, तो पाचशे वॅटचा.' घराला किती वॅट लागतात? १९५५ सालच्या एप्रिलात पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले. गदिमांची छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या चालींत वर्षभर दर आठवड्यास येत राहिली. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे शेजारीपाजारी जमत. त्या काळचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ स्पीकरला जेमतेम दोन ते चार वॅट देत असे, आणि तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या मंडळींपर्यंत शब्दन् शब्द पोहोचे. याचे रहस्य त्या रेडिओच्या स्पीकरात होते. मोठ्या, हलक्या कागदी शंकूचा तो स्पीकर थोड्या शक्तीत पुष्कळ आवाज देई.

ह्या गुणाला संवेदनक्षमता म्हणतात, आणि ती स्पीकरच्या माहितीपत्रकात डेसिबलमध्ये छापलेली असते. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती आवाज होतो, याचा तो आकडा. आजचे घरगुती स्पीकर सामान्यतः ८५ ते ९० यांच्या दरम्यान असतात. डेसिबलचे दोन नियम लक्षात ठेवावेत. आवाज ३ डेसिबलने वाढविण्यास वॅट दुप्पट लागतात. आणि कानाला आवाज दुप्पट वाटावा असे हवे असेल, तर सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा ५० वॅटच्या जागी १०० वॅटचे यंत्र घेणाऱ्यास दुप्पट आवाज मिळत नाही. मिळतो तो केवळ ३ डेसिबलचा फरक, जो कानाला जाणवतो एवढेच.

एक उदाहरण करून पाहू. ८८ डेसिबलचे दोन स्पीकर आहेत व ऐकणारा दहा फुटांवर बसला आहे. दोन स्पीकरांमुळे ३ डेसिबल वाढतात, अंतरामुळे सुमारे साडेनऊ कमी होतात. म्हणजे दर स्पीकरला एक वॅट दिला असता त्याच्या कानाशी साडेएक्क्याऐंशी डेसिबल पोहोचतात. घरात बसून रंगून ऐकण्यास ७५ पुरेत; त्यासाठी पाव वॅटही लागत नाही! पण गाणे एका पातळीवर चालत नाही. तानपुऱ्याच्या संथ झंकारात पखवाजाची थाप येते, ती सरासरीपेक्षा २० डेसिबल वर उडी घेऊ शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. पाव वॅटाचे झाले बावीस-पंचवीस वॅट. तो क्षण निभावून नेण्यापुरतीच मोठ्या यंत्राची गरज. बेताच्या खोलीस दर बाजूस खरे २५ ते ४० वॅट असले की भागते. स्पीकर ८५ डेसिबलचा असला तर आकडा दुप्पट धरावा. ९१ चा असला तर निम्मा.

मी 'खरे' वॅट म्हणालो ते मुद्दाम. पीएमपीओ या चार अक्षरांनी आपल्या बाजारात पुष्कळांची फसवणूक केली आहे. क्षणभरासाठी कल्पिलेल्या शक्तीचा तो आकडा असून त्यास एकच एक मोजमाप नाही. अमेरिकेतही अशा फुगवलेल्या आकड्यांचा सुळसुळाट झाल्यामुळे १९७४ साली तेथील सरकारी व्यापार आयोगास नियम करावा लागला. आपण आरएमएस हा आकडा विचारावा. तोही किती ओहमवर, किती विकृतीस, आणि दोन्ही बाजू एकदम चालवून मोजला आहे काय, हे पाहावे. दहा टक्के विकृतीस मोजलेला वॅट म्हणजे आवाज फाटल्यानंतरचा वॅट.

आणखी एक सोपी कसोटी आहे. आजकाल वहीएवढ्या लहान पेट्यांतून अ‍ॅम्प्लिफायर मिळतात. त्यांत टीपीए ३११६ सारखी चकती असते. ती उष्णता कमी करते, काम चोख करते आणि स्वस्तही असते. पण पेटीवर १०० वॅट छापलेले व सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल, तर ८ ओहमच्या स्पीकरला तिच्याकडून दर बाजूस स्वच्छ असे ९ वॅटच्या वर काही मिळणे शक्य नाही. व्होल्टचा वर्ग करून त्यास ओहमच्या दुपटीने भागा, म्हणजे उत्तर हाती येते. तीच पेटी २४ व्होल्टवर ३० वॅटच्या घरात जाते. कमी पैशांत नवे यंत्र हवे असेल त्याने ही वाट अवश्य पाहावी. गावोगावचे रेडिओ मेकॅनिक ४४४० चे बोर्ड बसवून देतात. ते ४ ओहमच्या स्पीकरलाही दर बाजूस ६ वॅटच देते. निजण्याच्या खोलीस ते पुरते, बैठकीस अपुरे पडते.

अपुऱ्या यंत्राचा धोका केवळ हळू आवाजाचा नाही. त्याची कळ शेवटपर्यंत फिरविली की लहरींचे माथे छाटले जातात, आणि तो छाटलेला आवाज स्पीकरमधील बारीक सुरांचा लहान भाग, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो तापवून जाळतो. मोठ्या यंत्राने जेवढे स्पीकर जळत नाहीत, तेवढे लहान यंत्र ताणल्याने जळतात.

वॅटानंतर ओहम. ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या स्पीकरपेक्षा दुप्पट विद्युत्प्रवाह ओढतो. रिसीव्हरच्या पाठीवर '६ ते १६ ओहम' असे लिहिले असता त्यास ४ ओहमचा स्पीकर जोडू नये. ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या तर त्यांचेही ४ च होतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

आता जुन्या मालाविषयी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली येथे, आणि घराघरांतून विकायला निघालेल्या सामानात चांगले जुने रिसीव्हर सापडतात. विशेषतः सिनेमासाठी बनविलेले पाच-सात स्पीकरांचे रिसीव्हर आज उतरत्या भावात मिळतात, कारण त्यांच्या चित्रजोडण्या जुन्या झाल्या. ज्याला दोन स्पीकरांवर गाणेच ऐकायचे आहे, त्याचे त्यात काही बिघडत नाही. परदेशी मालाबाबत मात्र पाठीवरची पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जपानचा संच १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा. आपली वीज २३० व्होल्टची. थेट जोडताच संच जळेल, आगही लागू शकेल. योग्य क्षमतेचा उतरता ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्याची किंमत सौद्यात धरावी. शिवाय जपानच्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा. आपली केंद्रे ८८ ते १०८ मध्ये. असा रेडिओ आपल्याकडे जवळजवळ मुका.

जुना संच दुकानातच पारखावा. गाणे न लावता कळ थोडी वाढवून घरघर ऐकावी. कळ फिरवताना खरखर झाली तर ती बहुधा धुळीची असते व साफ होते. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो का, अर्ध्या तासाने जळका वास येतो का, हे पाहावे. स्पीकर काढून त्याच्या खुंट्यांवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजवून घ्यावेत. ५० मिलिव्होल्टच्या आत असले तर ठीक, व्होल्टभर भरले तर तो संच स्पीकरचा काळ होय. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकणाऱ्याने 'फोनो' अशी जोडणी आहे ना, हे पाहावे. तबकडीच्या सुईकडून येणारा संकेत काही मिलिव्होल्टांचाच असतो, तो इतर जोडण्यांत ऐकूही येत नाही.

शेवटचा मुद्दा खोलीचा. आपण अजिंठ्याचे लोक. हा मुद्दा आपल्याला पुस्तकाविना कळावा. दहाव्या क्रमांकाच्या चैत्यगृहात उभे राहून शब्द उच्चारला की दगडी भिंती व कमानदार छत त्याला लगेच विरू देत नाहीत. तेथे ते गांभीर्य शोभते. पण फरशी, स्लॅब आणि उघड्या भिंतींच्या आपल्या बैठकीतही लहान प्रमाणात तेच घडते, आणि द्रुत लयीतील तान एकमेकींत मिसळून चिखल होतो. अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत असे. १८९५ पासून वॉलेस सबाइन या प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या रात्री आणून मांडल्या व किती गाद्यांनी किती नाद शोषला जातो याचे मोजमाप केले. त्यातून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. आपल्या घरी गाद्या, सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट आहेच. रिसीव्हर बदलण्यापूर्वी सतरंजी अंथरून पाहावी. तिला पैसे पडत नाहीत.

मांडणीविषयी थोडक्यात सांगतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. लाल खुंटी लालास, काळी काळ्यास जोडावी. एका बाजूस उलट झाले तर खर्जाचा भरदारपणा जातो. दहा-पंधरा फुटांसाठी दीड चौरस मिलिमीटरची घरगुती तांब्याची वायर उत्तम, महागड्या केबलची गरज नाही. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो. संच बंद कपाटात कोंडू नये व त्याच्या जाळीवर कापड टाकू नये.

सारांश असा की, खरेदीचा क्रम नेहमीच्या उलट असावा. आधी आपली खोली पाहावी, मग कानाने ऐकून स्पीकर निवडावा, आणि त्या स्पीकरला पुरेल एवढाच रिसीव्हर शेवटी घ्यावा. शंभर रुपये असतील तर साठ स्पीकरवर खर्चावेत, कारण चांगल्या स्थितीतील रिसीव्हरांच्या आवाजात फरक थोडा असतो, स्पीकरांत पुष्कळ. जो वॅटांच्या मागे लागतो तो यंत्र विकत घेतो. जो हिशेब करून निवडतो, त्याच्या घरी दहा वर्षांनंतरही संध्याकाळी गाणे लागलेले असते.