सदुसष्ट नॅनोसेकंदांची पंगत

दहा गिगाबिटची इथरनेट केबल सर्वांत लहान पॅकेटांनी काठोकाठ भरून वाहू लागली, की सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं येतात. हिशेब सोपा आहे. सर्वांत लहान पॅकेट ६४ बाइटचं. त्याच्या पुढेमागे तारेवर आणखी २० बाइटची जागा जाते. ८४ बाइट म्हणजे ६७२ बिट, आणि ते यायला लागतात ६७.२ नॅनोसेकंद. तेवढ्यात पुढचं पॅकेट दारात उभं. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला या वेळात जेमतेम दोनशे ठोके मिळतात. हवी ती माहिती कॅशमध्ये नसली आणि मुख्य मेमरीतून आणावी लागली, तर त्या एका फेरीतच ऐंशी-शंभर नॅनोसेकंद जातात.

राउटर, फायरवॉल, घुसखोर शोधणारी यंत्रणा हे सगळं आता साध्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं. सर्व्हरमध्ये कोअर भरपूर असतात, तेव्हा वेळ अपुरा पडला की कोअर वाढवावेत असं वाटणं साहजिक आहे. पण या कामात खरा कस लागतो तो वाटणीत. वाटणी चुकली तर चार कोअर मिळून एकट्यापेक्षाही मागे पडू शकतात.

पूर्वी पॅकेट आलं की नेटवर्क कार्ड इंटरप्ट देऊन प्रोसेसरला हाक मारायचं. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये यातला धोका नेमका मांडला: लोंढा वाढला की प्रोसेसर नुसत्या हाकांना ओ देत राहतो आणि आलेलं एकही पॅकेट पुढे सरकत नाही. गर्दीच्या वेळी हाका बंद ठेवायच्या आणि प्रोसेसरने स्वतःच रांगेत डोकावायचं, हा उपायही त्यांनी दाखवला. लिनक्सने पुढे हाच मार्ग धरला. इंटेलमध्ये सुरू झालेल्या डीपीडीके या पॅकेट हाताळणाऱ्या सॉफ्टवेअर संचाने तो टोकाला नेला. तिथे इंटरप्ट नाही, मधे ऑपरेटिंग सिस्टीमही नाही. एक थ्रेड एका कोअरला बांधलेला, आणि तो अखंड रांग तपासत राहतो. तारेवर शुकशुकाट असला तरी तो कोअर शंभर टक्के कामात दिसतो. विजेच्या दृष्टीने ही मोठी किंमत आहे, आणि ती जाणूनबुजून मोजलेली आहे.

आता वाटणी. पंगतीत एक वाढपी भात, दुसरा वरण, तिसरा भाजी घेऊन निघतो, तशी पहिली रीत: एक थ्रेड पॅकेट उचलतो, दुसरा ते उलगडून वाचतो, तिसरा नियमांशी ताडून पाहतो, चौथा रवाना करतो. ही पाइपलाइन. दुसऱ्या रीतीत एकच थ्रेड पॅकेट घेतो आणि आल्यापासून जाईपर्यंतचं सगळं स्वतःच उरकतो. बाकीचे थ्रेड आपापल्या रांगांवर तेच करत असतात. कागदावर पहिली रीत जास्त नेटकी दिसते. मात्र पंगतीत पान जागेवर असतं आणि वाढपी फिरतात. प्रोसेसरमध्ये वाढपी जागेवर आणि पानच फिरतं. गोम इथेच आहे.

आजच्या बहुतेक सर्व्हरांत कॅश ६४ बाइटच्या ओळींनी भरते. एका कोअरने एखाद्या ओळीत काही लिहिलं की दुसऱ्याकडची तिची प्रत बाद होते आणि त्याला ती नव्याने मागवावी लागते. एकाच चिपवर यात पन्नासेक नॅनोसेकंद सहज जातात. दुसऱ्या सॉकेटवर आणखी. म्हणजे एका हस्तांतरात पॅकेटचा बहुतेक वेळ संपला. बत्तीस-बत्तीस पॅकेटं एकदम पुढे दिली तर हा भार बराच हलका होतो, पण नाहीसा होत नाही. आणि ही देवघेव फार चोरपावलांनी होते. दोन थ्रेडांचे दोन वेगळे आकडे, प्रत्येक जण आपलाच वाढवतो, कुठे लॉक नाही. तरीही ते शेजारीशेजारी एकाच ६४ बाइटांत बसले, तर ती ओळ दोन कोअरांमध्ये सतत ओढली जाते. आकडे दूर सरकवले की तोच प्रोग्राम एकदम मोकळा धावू लागतो.

घुसखोरी ओळखणाऱ्या सुरिकाटामध्ये या दोन्ही रीती शेजारीशेजारी पाहायला मिळतात. ‘ऑटोएफपी’ पद्धतीत काही थ्रेड पॅकेटं पकडतात आणि तपासणाऱ्या थ्रेडांकडे सोपवतात. ‘वर्कर्स’मध्ये प्रत्येक थ्रेड सगळंच करतो, आणि थेट वाहतुकीवर सहसा हीच पद्धत सरस ठरते. पण त्यासाठी एका संभाषणाची पॅकेटं एकाच थ्रेडकडे यायला हवीत. ही विभागणी नेटवर्क कार्ड पत्ते आणि पोर्ट यांच्या हॅशवरून करतं. हॅश काढताना नेहमीची किल्ली वापरली तर प्रश्न एका रांगेत आणि त्याचं उत्तर दुसऱ्याच रांगेत जाऊ शकतं. तपासणाऱ्याला अर्धंच संभाषण ऐकू येतं. यावरचा तोडगा मला फार सुंदर वाटतो: ६डी ५ए या दोन बाइटांची पुन्हापुन्हा जोडलेली किल्ली द्यायची. मग पाठवणारा आणि घेणारा यांची अदलाबदल केली तरी हॅश तोच येतो.

सिस्कोतून आलेल्या आणि २०१६ मध्ये खुल्या झालेल्या व्हीपीपी या पॅकेट हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने वेगळीच युक्ती केली. थ्रेड एकटाच, पण तो जास्तीत जास्त २५६ पॅकेटांचा गठ्ठा घेतो आणि त्या सगळ्यांवर आधी पहिलं काम करतो, मग सगळ्यांवर दुसरं. एकाच वाढप्याने भाताची परात घेऊन अख्खी पंगत वाढावी, मग वरणाची बादली उचलावी, तसं. एका कामाच्या सूचना एकदा कॅशमध्ये आल्या की त्याचा खर्च पहिल्या पॅकेटला पडतो आणि उरलेल्यांना त्या आयत्या मिळतात.

तरीही पाइपलाइन मोडीत निघालेली नाही. दोन कार्यालयांमध्ये आयपीसेकचा एकच एन्क्रिप्टेड बोगदा असेल, तर आतल्या हजारो संभाषणांचे पत्ते झाकले जातात आणि कार्डाला तो एकच प्रवाह दिसतो. सगळा भार एका कोअरवर पडतो, बाकीचे रिकामे. अशा वेळी एन्क्रिप्शनचं जड काम इतर कोअरांना वाटून देण्याची सोय व्हीपीपीतही आहे, कारण इथे काम हस्तांतरापेक्षा महाग आहे. परत आलेली पॅकेटं मात्र मूळ क्रमानेच पुढे सोडावी लागतात; क्रम फार विस्कटला तर टीसीपी पॅकेट हरवलं असं धरतं आणि आपणहून वेग उतरवतं.