रेयुनियों फ्रान्समध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही

‘काका, रेयुनियों म्हणजे फ्रान्सच ना? मग पुन्हा व्हिसा कशाला?’

लग्नाच्या दाखल्यांचं फ्रेंच भाषांतर करून देण्याचं काम मी करतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्याकडे येतो. विचारणाऱ्या बहुधा पुण्या-मुंबईच्या मुली असतात, फ्रेंच माणसाशी लग्न झालेल्या. हातात शेंगेन व्हिसा असतो, एकाच कागदावर युरोपातले बरेच देश फिरू देणारा. बेतही ठरलेला असतो. आधी मॉरिशस, कारण भारतीय पासपोर्टवर तिथं आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मग तिथून विमानानं पाऊण तासावरचं रेयुनियों, कारण नवऱ्याची मावशी किंवा चुलतभाऊ तिकडे राहतो. तिकिटं काढून झालेली असतात आणि एजंटनं छातीठोकपणे सांगितलेलं असतं, ‘शेंगेन आहे ना, मग झालं तर!’

झालेलं नसतं. अशाच एका मुलीनं मला मॉरिशसच्या विमानतळावरून, चेक-इनच्या रांगेतून फोन केला होता. नवऱ्याला बोर्डिंग पास मिळाला होता, तिला नाही. ‘ते म्हणतात हा व्हिसा चालत नाही. काका, तुम्ही यांच्याशी फ्रेंचमध्ये बोला ना.’ मी बोललो, पण बोलून काय उपयोग? काउंटरवरच्या बाई बरोबर होत्या. व्हिसा नसलेला प्रवासी उतरवला तर विमान कंपनीलाच दंड होतो, त्यामुळे त्या ऐकणारही नव्हत्या. त्या दिवशी मावशीकडे नवरा एकटाच गेला.

तेव्हापासून हा गैरसमज कुणी मांडला की मला राग येतो. विचारणाऱ्याचा नाही, तो पसरवणाऱ्यांचा. ज्यांचा धंदाच प्रवासाचा आहे त्यांना एवढं ठाऊक असायला हवं.

आता वस्तुस्थिती. रेयुनियों फ्रान्सचा भाग आहे यात काडीचीही शंका नाही. १९४६ मध्ये ग्वादलूप, मार्तिनिक, फ्रेंच गयाना आणि रेयुनियों या चार जुन्या वसाहतींना फ्रान्सनं जिल्ह्याचा दर्जा दिला. २०११ मध्ये मायोत हा पाचवा. रेयुनियोंचे खासदार पॅरिसच्या संसदेत बसतात. बेट युरोपीय संघात मोडतं आणि चलन युरो आहे. इतकंच काय, १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा-नाणी व्यवहारात आली, तेव्हा घड्याळाच्या हिशेबानं रेयुनियों पॅरिसच्या पुढे असल्यामुळे नव्या चलनातली पहिली खरेदी याच बेटावर झाली असं सांगितलं जातं: किलोभर लिची.

एवढं सगळं खरं असूनही रेयुनियों शेंगेनमध्ये नाही. मी म्हणतो म्हणून नव्हे. शेंगेन करार अमलात आणण्यासाठी १९ जून १९९० रोजी जो विस्तृत करारनामा झाला, त्याचं कलम १३८ उघडून पाहा. या करारनाम्याच्या तरतुदी फ्रान्सच्या बाबतीत फक्त त्याच्या युरोपातल्या भूमीला लागू होतील, असं तिथं स्वच्छ लिहिलं आहे. नेदरलँड्सच्या बाबतीतही तेच, म्हणून कुरासाव, अरुबा, बोनेर ही बेटंही बाहेर. कायद्यातली पळवाट किंवा एखाद्या अधिकाऱ्याची लहर असं काही यात नाही. ही सीमा पहिल्यापासून ठरवून आखलेली आहे.

का आखली, हे नकाशा पाहिला की कळतं. फ्रान्सची सर्वांत लांब जमिनी सरहद्द स्पेनशी किंवा बेल्जियमशी नाही, ती ब्राझीलशी आहे: फ्रेंच गयानाच्या कडेनं, ॲमेझॉनच्या जंगलातून सुमारे ७३० किलोमीटर. मायोतपासून कोमोरोसचं अंजुआन बेट समुद्रातून जेमतेम ७० किलोमीटरवर. हे सारं शेंगेनमध्ये घेतलं असतं, तर ब्राझीलच्या सरहद्दीवरची ओयापोक नदी ओलांडलेला माणूस पुढं कुठंही न अडता बर्लिनपर्यंत जाऊ शकला असता. फ्रान्सनं ते टाळलं आणि या दूरच्या भूमीत कोणाला येऊ द्यायचं याचा निर्णय स्वतःच्या हाती ठेवला. त्यातून अशीही परिस्थिती आली की ब्राझीलच्या नागरिकाला पॅरिसच्या सहलीसाठी व्हिसा लागत नव्हता, पण नदीपलीकडच्या फ्रेंच गयानात जायला मात्र वर्षानुवर्षं लागत होता.

हे आपल्याला इतकं अवघड का वाटावं, हे मला कळत नाही. आपल्याच देशात लक्षद्वीपला जायला भारतीय नागरिकालाही परवाना काढावा लागतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराममध्ये जाताना इनर लाइन परमिट लागतं, आणि त्याचं मूळ १८७३ च्या कायद्यात आहे. लक्षद्वीप भारतात नाही असं कोणी म्हणत नाही. भूमी कोणत्या देशाची आणि तिथं पाऊल ठेवायला कोणता कागद लागतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरच्या बाबतीत आपण हे सहज मान्य करतो, विमानात बसलो की विसरतो.

या गैरसमजातून निघणारी दुसरी चूक पहिलीपेक्षाही महाग पडते. समजा, कोणाला रेयुनियोंचा वेगळा व्हिसा लागतो हे कळलं आणि तिनं तो काढलाही. पण तिच्याजवळचा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे. ती मुंबईहून पॅरिसला उतरली, चार दिवस सासरी राहिली, मग अकरा तासांचा प्रवास करून रेयुनियोंला गेली. परतीचं विमान पुन्हा पॅरिसचं, आणि तिथं तिला प्रवेशच नाही! कारण पॅरिसहून रेयुनियोंच्या विमानात चढताना ती शेंगेनमधून बाहेर पडली आणि तो एकमेव प्रवेश तिथंच संपला. नवऱ्याच्या लेखी तो देशांतर्गत प्रवास होता, तिच्या लेखी सरहद्द ओलांडणं होतं. म्हणून असा जाऊन-येऊन प्रवास असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा. अर्ज भरतानाच दोन्ही ठिकाणं आणि जाण्या-येण्याचा क्रम लिहावा, कारण व्हिसा हातात पडल्यावर त्यात भर घालता येत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर येण्या-जाण्याची संगणकीय नोंद सुरू झाली आहे. शिक्का पुसट उमटला म्हणून निभावून जाईल, ही आशाही आता धरू नये.

याच नियमाची एक सोयीची बाजू आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. रेयुनियोंत किंवा मार्तिनिकमध्ये घालवलेले दिवस त्या ९० मध्ये धरले जात नाहीत. तिथला हिशेब निराळा.

आता जोडीदाराचा मुद्दा. ‘पण आमचं लग्न झालंय, फ्रेंच दप्तरात नोंद आहे, मग?’ नोंद आहे हे उत्तमच. ती नसेल तर आधी करून घ्या, कारण त्याशिवाय पुढची दारं किलकिलीही होत नाहीत. पण लग्नानं व्हिसा रद्द होत नाही, सोपा होतो. फ्रेंच नागरिकाच्या जोडीदाराकडून व्हिसाचं शुल्क घेतलं जात नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा अशा जोडीदाराला नाकारायचा तर फ्रेंच कायद्यात तीनच कारणं आहेत: फसवणूक, विवाह रद्द होणं, किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका. ही सवलत मोठी आहे, पण ती अर्ज करणाऱ्याला आहे. अर्जच न करता विमानतळावर लग्नाचे फोटो दाखवणाऱ्याला ती नाही.

आणि इथं एक खरा अपवाद सांगायलाच हवा, कारण त्याच्यामुळेच अर्धा गोंधळ होतो. जी मुलगी लग्नानंतर फ्रान्समध्ये राहते आणि जिच्याजवळ युरोपातल्या फ्रान्सनं दिलेलं वैध रहिवासी कार्ड आहे, तिला रेयुनियों, मार्तिनिक, ग्वादलूपसारख्या जिल्ह्यांत फिरायला जाताना वेगळा व्हिसा लागत नाही. ती जाऊन येते, फोटो टाकते, आणि भारतात राहणारी तिची मैत्रीण समजते की आपल्यालाही जाता येईल. दोघींचे नवरे फ्रेंच, दोघींचे पासपोर्ट भारतीय, पण एकीजवळ कार्ड आहे आणि दुसरीजवळ प्रवासी व्हिसा. फरक पडतो तो तिथं. उलट दिशेनं मात्र सावध राहा. मायोतमध्ये दिलेलं रहिवासी कार्ड साधारणपणे मायोतपुरतंच चालतं. पॅसिफिकमधल्या फ्रेंच पॉलिनेशिया आणि न्यू कॅलेडोनियाचे प्रवेशाचे नियमही या पाच जिल्ह्यांहून वेगळे आहेत, तेव्हा ताहितीचा बेत असेल तर चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी.

गोव्याकडच्या मंडळींचा प्रश्न थोडा निराळा येतो. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, बायको भारतीय. इथं युरोपीय संघाचा २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश कामाला येतो. युरोपीय नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात जात असेल आणि जोडीदार त्याच्यासोबत असेल, तर जोडीदाराला व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा, असं त्यात म्हटलं आहे. ‘विनाशुल्क’ म्हणजे ‘विनाव्हिसा’ नव्हे, हे मी दरवेळी दोनदा सांगतो. आणि ‘दुसऱ्या देशात’ हे शब्दही महत्त्वाचे: पोर्तुगीज नवऱ्यासोबत फ्रान्सला जाताना हा निर्देश लागू, त्याच नवऱ्यासोबत पोर्तुगालला जाताना साधारणपणे नाही. मदैरा आणि अझोर्स ही पोर्तुगालची बेटं मात्र पूर्णपणे शेंगेनमध्ये आहेत. लिस्बनसाठी काढलेला व्हिसा तिथं चालतो. स्पेनच्या कॅनरी बेटांचंही तसंच.

लग्न झालं की नागरिकत्व मिळतं, हीदेखील एक समजूत. फ्रान्समध्ये लग्नानंतर साधारण चार वर्षांनी आणि पोर्तुगालमध्ये तीन वर्षांनी अर्ज करता येतो. तोही अर्जच, आपोआप काही होत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ब्रिटनचा जोडीदार-व्हिसा बर्म्युडात किंवा केमन बेटांवर राहण्याचा हक्क देत नाही. खुद्द ब्रिटिश नागरिकालाही बर्म्युडात आपोआप स्थायिक होता येत नाही, तर जोडीदाराला कुठून येणार! जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन यांची गोष्ट वेगळी, ती ब्रिटनसोबतच्या सामायिक प्रवासक्षेत्रात येतात. डेन्मार्कचा व्हिसा ग्रीनलंड किंवा फेरो बेटांवर चालतो तो त्यावर तसं लिहिलेलं असेल तरच. नॉर्वेच्या स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण वाट नॉर्वेतून जाते, त्यामुळे तिथंही शेंगेन व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी एवढंच, की इमिग्रेशनच्या नियमांत प्वेर्तो रिको, गुआम, व्हर्जिन आयलंड्स आणि नॉर्दर्न मारियाना बेटं अमेरिकेतच धरली जातात. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असलेली पत्नी न्यू जर्सीहून सरळ सान हुआनला गेली, तर तिनं देश सोडला असं होत नाही. अमेरिकन समोआ मात्र त्या व्याख्येत नाही. नावात ‘अमेरिकन’ असलं तरी तिथून परतणं म्हणजे नव्यानं प्रवेश, आणि प्रलंबित अर्जावर त्याचा परिणाम होऊ शकतो. वकिलाला विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

नवऱ्याचा पासपोर्ट, त्या भूमीवरचा झेंडा, तिथलं चलन, यांपैकी कशावरूनही तुमचा प्रवेश ठरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, पण ते शेंगेनमध्ये आहे. रेयुनियोंत युरो आहे, पण ते शेंगेनमध्ये नाही. ठरतं ते तुमच्या पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावरून. त्यावर अगदी वर, फ्रेंचमध्ये ‘वालाब्ल पूर’ या शब्दांपुढे, तो कोणत्या भूमीसाठी वैध आहे ते छापलेलं असतं, आणि थोडं खाली प्रवेश किती ते. तिकिटाचे पैसे भरण्याआधी या दोन नोंदी स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका. तिथं फक्त शेंगेन देश लिहिलेले असतील आणि फ्रान्सचं रहिवासी कार्ड तुमच्याजवळ नसेल, तर रेयुनियोंचं तिकीट काढू नका. आधी फ्रान्सच्या वकिलातीकडे त्या बेटासाठी अर्ज करा.