काचेवरचा अंगठा

सुरत जिल्ह्यातील चलथाण हे गाव आमच्या काही वाचकांस ठाऊक असेल. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ते वसले आहे. सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव झाले आणि आसपासच्या कापड गिरण्यांमुळे तेथील वस्ती वाढली. ह्याच लोहमार्गाने खानदेशातील कुटुंबे पोटापाण्यासाठी तिकडे उतरतात. कोणी हंगामापुरते ऊस तोडावयास जातात, कोणी गिरणीत लागतात आणि तेथेच राहतात. अशा मराठी कुटुंबांच्या भेटीस आम्ही गेलो असता एका खोलीत जो लहानसा प्रसंग घडला, त्यावरून आजचे हे चार शब्द लिहावेसे वाटले.

घरात नवा मोबाईल आला होता. मुलाच्या शाळेकडून रोज काही ना काही फोनवर येते, म्हणून आईने पैसे साठवून तो घेतला होता. दुकानदाराने सिमकार्ड घालून दिले; पुढचे सारे तिने स्वतः केले, आणि ह्याचा तिला रास्त अभिमान वाटत होता. इंटरनेटवरील पाने उघडून दाखविणारे जे ॲप असते, ज्यास ब्राउझर म्हणतात, तेही तिने सुरू करून घेतले होते. आम्ही विचारले, "बाई, सुरुवातीला त्याने काय काय विचारले?"

ती हसून म्हणाली, "ते कुठं वाचलं, फादर? ते नेक्स्ट म्हणत गेलं, मी नेक्स्ट दाबत गेले."

उत्तर प्रामाणिक होते. त्या माउलीस मराठी वाचता येते, मुलगा गुजराती शाळेत शिकतो, आणि फोन मात्र इंग्रजीत बोलत होता. विचारणारा एका भाषेत विचारतो आणि होकार देणारा ती भाषा जाणत नाही, अशा होकारास होकार म्हणावे काय, हा प्रश्न आमच्या मनात तेथेच उभा राहिला.

मग तिच्या संमतीने आम्ही तिघांनी बसून ती सारी मांडणी पुन्हा उघडून पाहिली. शोध घेण्याचे यंत्र कोणते वापरावे हे आधीच ठरलेले होते. आपण ब्राउझर कसा वापरतो ह्याची माहिती कंपनीकडे पाठविण्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली होती. आपण कोठे आहो हे कळू देण्याची परवानगी दिली गेली होती. पहिल्या पानावर बातम्या आणि जाहिराती यांची रांग लागली होती, ती तिने मागितलेली नव्हती. आणि दोनतीन संकेतस्थळांना सूचना पाठविण्याची मुभा मिळाली होती. ती केव्हा दिली हे तिला आठवत नव्हते. तीन मिनिटांत तिने पाच गोष्टींस मान्यता दिली होती, आणि त्यांतील एकही तिला ठाऊक नव्हती.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात सावकाराच्या कागदावर असाच अंगठा उठत असे. कागद वाचता येत नसे, सावकार घाईत असे, आणि घरात नड असे. पुढे शाळा निघाल्या, मुले शिकली, आणि आम्हांस वाटले की अंगठ्याचे दिवस संपले. परंतु आज शिकलेला नातू त्याच अंगठ्याने काच दाबतो आहे आणि कागद वाचीत नाही. शाई तेवढी गेली.

मांडणी कोणी मांडली?

एखादे यंत्र आपल्या हाती येते तेव्हा त्यातील निवडी बनविणाऱ्याने आधीच करून ठेवलेल्या असतात. ह्या आयत्या निवडींना 'डिफॉल्ट' म्हणतात. त्या बदलता येतात, हे खरे. पण बहुतेक माणसे त्या बदलीत नाहीत. ह्यात केवळ आळस नाही. समोर जे आहे ते कोणी जाणत्याने विचारपूर्वक ठेवले असेल, असे माणूस धरून चालतो.

ह्याचे बळ किती मोठे आहे, ते पाहावयाचे असेल तर ब्राउझर क्षणभर बाजूस ठेवू. मृत्यूनंतर अवयवदान करण्याविषयी युरोपातील देशांची तुलना दोन अभ्यासकांनी इ.स. २००३ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीत दात्याने स्वतःहून नाव नोंदवावे लागे; तेथे संमती देणारे सुमारे १२ टक्के होते. शेजारच्या ऑस्ट्रियात नकार न कळविणारा प्रत्येक जण संमत आहे असे धरले जाई. तेथे हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक होते. दोन्ही देशांची भाषा एक आणि चालीरीतीही जवळच्या. अंतर पडले ते मुख्यतः आधी ठरवून ठेवलेल्या उत्तरामुळे.

तेव्हा आयती निवड ही स्वभावतः वाईट नव्हे. तिच्यामुळे अजाण माणसाचे रक्षणही होते. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना आपला माग काढण्यासाठी जाहिरातवाले ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाच्या खुणा ठेवतात. फायरफॉक्स ह्या ब्राउझरने सप्टेंबर २०१९ पासून माग काढणाऱ्या अशा ज्ञात परक्या खुणा आपणहून अडविण्यास आरंभ केला. ॲपलच्या सफारीने मार्च २०२० पासून सर्वच परक्या खुणांस दार बंद केले. वापरणाऱ्यास त्यासाठी काहीही दाबावे लागले नाही. म्हणून विचारावयाचे ते इतकेच की, ही मांडणी कोणाच्या हितासाठी मांडली गेली आहे?

माणसांच्या निरनिराळ्या तऱ्हा

चलथाणहून परतल्यावर आम्ही ठिकठिकाणी लोकांस ह्याविषयी विचारीत गेलो. तरुणांस ती सुरुवातीची पाने म्हणजे वाटेतला अडथळा वाटतो. फोन केव्हा चालू होतो ह्याची त्यांना घाई असते. वडीलधाऱ्यांस भीती वाटते. काही बदलले तर फोन बिघडेल, म्हणून ते जसे आहे तसे राहू देतात. काहींस राग येतो. काल होते ते आज कोणी हलविले, असे ते म्हणतात. आणि काही अगदी मोजके जण प्रत्येक पान वाचून आपल्या मनासारखी मांडणी करून घेतात.

भीतीपोटी कसे नुकसान होते त्याचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आले. एका आजोबांच्या फोनवर दर थोड्या वेळाने 'तुमच्या फोनमध्ये विषाणू शिरला आहे' असा इशारा येई. ते घाबरून फोन दुरुस्तीस टाकण्याच्या बेतात होते. फोनला काहीही झालेले नव्हते. कोणत्या तरी पानावर 'सूचना पाठवू का?' असे विचारले गेले असता त्यांनी ते पान लवकर निघून जावे म्हणून 'अलाऊ' दाबले होते. त्या एका पानाची परवानगी काढून घेताच सारे शांत झाले. पण त्या इशाऱ्यावर बोट ठेवून त्यांनी कोणास पैसे पाठविले असते, तर? अशी फसवणूक कशी चालते हे आपण वर्तमानपत्रांत वाचतोच.

कुरकुरीचे फळ

ही तक्रार केवळ आपल्याकडची नाही. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने संगणकासाठी 'विंडोज १०' आणले. ते बसविताना झटपट मांडणीचे बटण मोठे व ठळक होते, आणि स्वतः निवड करण्याची वाट बारीक अक्षरांत एका कोपऱ्यात होती. झटपट वाट धरणाऱ्यांनी पूर्वी दुसरा ब्राउझर निवडलेला असला तरी तो मागे सरून कंपनीचा स्वतःचा ब्राउझर पुढे येई. फायरफॉक्स बनविणाऱ्या मोझिला संस्थेचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांस उघड पत्र लिहून ह्याचा निषेध केला. पुढल्या वर्षी फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने, गरजेहून अधिक माहिती गोळा केली जाते, अशी समज कंपनीस दिली. अखेर एप्रिल २०१७ च्या सुधारणेत झटपट मांडणीचे ते बटण गेले आणि एकेक बाब विचारणारे पान आले.

तरीही जुनी सवय सुटली नाही. २०२१ च्या 'विंडोज ११' मध्ये ब्राउझर बदलावयाचा तर पानांच्या व फाइलींच्या प्रत्येक प्रकारासाठी तो निरनिराळा बदलावा लागे. लोकांनी पुन्हा ओरड केली, आणि मार्च २०२२ मध्ये एका बटणाने ते काम होऊ लागले. लोक बोलले की फरक पडतो, हे ह्यावरून दिसून येते.

युरोपीय संघाने तर ह्यापूर्वीच, २०१० पासून, विंडोज वापरणाऱ्यांपुढे अनेक ब्राउझरांची यादी ठेवून निवड विचारण्यास मायक्रोसॉफ्टला भाग पाडले होते. पुढे काही काळ ते पान सुमारे दीड कोटी लोकांस दिसलेच नाही. त्याबद्दल मार्च २०१३ मध्ये कंपनीस ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. एका पानाच्या अभावास एवढा दंड कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे अमेरिकेतील खटल्यात मिळाले.

पहिल्या जागेचे मोल

आपले शोधयंत्र ब्राउझरांत आणि फोनांत आरंभापासून लावलेले असावे, ह्यासाठी गूगल कंपनीने २०२१ ह्या एकाच वर्षी इतर कंपन्यांस २,६३० कोटी डॉलर दिले, ही गोष्ट त्या खटल्यात उघड झाली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने मक्तेदारी बेकायदा टिकविली असा निर्णय दिला. हे न्यायमूर्ती जन्माने आपल्या गुजरातमधील पाटणचे, हे चलथाणच्या मंडळींस ऐकून कौतुक वाटले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात त्यांनी क्रोम ब्राउझर विकावयास लावले नाही, परंतु इतरांस दार बंद करणारे करार करण्यास मनाई केली.

ज्या बटणाकडे आपण पाहतही नाही, त्याच्यासाठी मोठमोठ्या कंपन्या एवढा पैसा मोजतात. आपल्या न पाहण्याचीच ती किंमत आहे.

आपल्या देशातही हा प्रश्न उपस्थित झाला आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनांच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि फोन प्रथम सुरू करतानाच शोधयंत्र निवडण्याची मुभा वापरणाऱ्यास द्यावी असे फर्माविले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती नाकारल्यावर भारतीयांस अशी निवड देण्याचे कंपनीने जाहीर केले.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात स्पष्ट सांगितले की, आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा हेच तत्त्व मानतो: संमती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी, ती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असावे. संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असली पाहिजे, असेही त्यात आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे आणि गुजरातीही आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईबापांची संमती लागेल. ह्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून कंपन्यांवरील मुख्य बंधनांस त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे हक्क मिळाला आहे. तो मागणारे आपण झाले पाहिजे.

घरी काय करावे?

नवा फोन आणला की पहिल्याच पानावर भाषा मराठी करावी, किंवा घरात जी सर्वांस वाचता येते ती करावी. दुकानदारास घाईने सारे लावून देऊ सांगू नये. घरी, जेवण झाल्यावर, मुलांस जवळ घेऊन एकेक पान मोठ्याने वाचावे. मुलांची बोटे चपळ असतात आणि वडिलांस व्यवहार कळतो. दोघांचा मेळ घालावा.

फोन जुना असेल तरी हरकत नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यातील ठिपक्यांवर बोट ठेवून सेटिंगमध्ये जावे. तेथे शोधयंत्र कोणते आहे ते पाहावे, आणि साइट सेटिंगमध्ये सूचना व लोकेशन यांची परवानगी कोणाकोणास दिली आहे ते तपासावे. ओळखीचे नाव नसेल तर परवानगी काढून घ्यावी. त्याने फोन बिघडत नाही. एखादे पान काही मागेल तर त्या कामास ते खरोखर लागते काय, एवढेच विचारावे. नकाशाने ठिकाण विचारले तर ते योग्य. चित्रे दाखविणाऱ्या पानास त्याचे काय काम?

चलथाणच्या त्या घरी आम्ही फोनची भाषा मराठी केली आणि निरोप घेण्यास उठलो. तेवढ्यात बातम्यांच्या एका पानाने ठिकाण विचारले. त्या माउलीने तो प्रश्न सावकाश, एकेक शब्द लावीत वाचला, क्षणभर विचार केला आणि 'नको' वर बोट ठेवले. मुलगा म्हणाला, "आई, बंद तर नाही ना पडलं?" पान उघडलेले होते, बातमी वाचता येत होती.

वाचकहो, येत्या रविवारी दुपारी अर्धा तास काढून आपल्या घरच्या फोनची ही पाने एकदा उघडून पाहावी, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांसही ती उघडून दाखवावी, अशी आमची विनंती आहे.