लांबच्या प्रवासाला मोबाईल पुरे की वेगळे यंत्र हवे?

अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून नागपूरचे बेत सुरू होतात. पूर्वी बहुतेकांची भिस्त रेल्वेवर असे. आता दोन-तीन कुटुंबे वर्गणी काढून भाड्याची गाडी ठरवितात. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून तर असे बेत वाढलेच आहेत. मग एखादा तरुण म्हणतो, "काका, गाडीला जी.पी.एस.चे यंत्र घेऊन टाकू या." खर्चाची बाब आहे, म्हणून आधी समजून घेऊ.

यंत्र काय आणि मोबाईल काय, दोघांची मदार उपग्रहांवरच. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह सतत संकेत पाठवितात. चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कोठे आहोत हे कळते. त्याला सिमकार्ड लागत नाही, पैसाही लागत नाही. रेंज गेली की मोबाईल आंधळा होतो, हा समज चुकीचा आहे. अडतो तो नकाशा, कारण तो इंटरनेटवरून येत असतो. यंत्राच्या पोटात मात्र नकाशा आधीच भरलेला असतो. मुख्य फरक एवढाच!

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री संपूर्ण मार्गाचा नकाशा मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. पुढे वाहतूक तुंबली आहे का, हे मात्र रेंज असेल तरच कळेल. ज्याचे पोट रोज गाडीवर चालते त्याने यंत्र जरूर घ्यावे. त्याचा पडदा उन्हातही दिसतो, मध्येच कोणाचा फोन येत नाही. वर्षातून एकदा जाणाऱ्याने ते पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोबाईल समोरच्या काचेशी उन्हात ठेवला तर तापून बंद पडतो. म्हणून तोच नकाशा दुसऱ्या एका मोबाईलमध्येही असावा, आणि तो चालकाच्या शेजारी बसणाऱ्याने सांभाळावा. चालकाने हात लावू नये. 'टोल टाळा' ही सोय चालू राहिली असेल तर बंद करावी, नाहीतर चार पैसे वाचविताना गाडी भलत्याच आडरस्त्याला लागते.

आडरस्त्याचा धोका साधा नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ मोबाईलचा नकाशा पाहून रात्री निघालेली मोटार पाण्याखाली गेलेल्या पुलावरून बुडाली. चालक गेला, सोबतचे दोघे कसेबसे वाचले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. तेथेही नकाशाकडेच बोट दाखविले गेले. पूल बंद आहे हे उपग्रहाला दिसत नाही. गावातले शाळकरी पोरही ते सांगू शकते. पण आपण काच खाली करून विचारायला तयार नसतो!

इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यात तर उपग्रहाचे संकेतच पोचत नाहीत, मग यंत्र असो की मोबाईल. समृद्धीवर उतरण्याची जागा चुकली तर मागे वळता येत नाही, पुढच्या फाट्यापर्यंत जावेच लागते. यासाठी इगतपुरी, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा, वर्धा ही नावे क्रमाने मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून मागे बसलेल्या मुलांच्या हाती द्यावीत. पाटी दिसली की ती ओरडून सांगतील. आणि शेवटचे ठिकाण म्हणून 'दीक्षाभूमी' लिहू नये. त्या दिवशी तिकडची वाहतूक वळविलेली असते. गाडी जेथे उभी करायची त्या जागेचे नाव आधी विचारून तेच घालावे.